त्या सालाची तीन पोती

चावी हाय की, जाईल कुठं — ही बगा, करगुट्यालाच बांधलीया, नऊ वर्सं झाली, आंघुळीला सुदीक सोडली न्हाई — पन आदी बसा. तितं नगं, तितं मुंग्या हायत्या, हिकडं या, ह्या घोंगड्यावर. दहिवडीपास्नं उनाचं स्कूटीवर आलासा, तोंड बगा कसं लाल झालंय. प्रांजल म्हनालासा न्हवं का नाव? आन् समीना मॅडमच्या हाताखाली पीएचडी करताय. पयल्याच इद्यार्थिनी त्यांच्या. म्हंजी बगा, मी तिला पोरगी म्हनून वळखतो आन् तिच्या हाताखाली आता पोरी शिकाया लागल्या. अंजना, पानी आन गं. — न्हाई, त्या सालाचं सांगतो की, त्या दुष्काळाच्या सालाचं, घाई काय हाय? आल्या आल्या त्येच इचारताय. प्लॉट काय पळून जात न्हाईत. आदी पानी प्या.

मला तुमच्या त्या पीएचडीतलं काय कळतंय, आसं वाटलं आसंल तुमास्नी. आवं, मला इचारा. शाळा दुसरीपतूर, पन पीएचडी व्हायला काय काय लागतं त्ये मी झोपंतनं उठवलं तरी सांगीन. आदी ती परीक्षा, परवेसाची. मग कोर्सवर्क, सा म्हैनं बाकावर बसायचं, मोठं झालं तरी. मग कमिटी बसतीया, तिच्यापुढं विषय मांडायचा — आन् कमिटीत एक तरी सर आसतोच, जो म्हनतो ह्यात नवीन काय हाय. मग दर सा म्हैन्याला अहवाल. मग दोन पेपर छापून याया लागत्यात, कुटल्याबी मासिकात न्हाई बरं, यादीतल्याच मासिकात. मग त्ये मशीन — दुसऱ्याचं वाक्य उचललंय का काय बगतंय त्ये, टक्क्यात सांगतंय. मग तो गोषवारा, मग मोठं पुस्तक, आन् त्ये दोन परीक्षकांस्नी धाडायचं, त्यातला एक बाहेरच्या राज्यातला. आन् शेवटाला व्हायवा, भरल्या सभेत, कुनीबी उठून कायबी इचारावं. चुकलं काय कुठं? न्हाई न्हवं? समीनाताई गवात तोलता तोलता सांगायची समदं, मी बोटावर मोजायचो. आन् मला तवाच वाटायचं — एवढं समदं तपासत्यात ही मानसं, वाक्य तपासत्यात, टिंब तपासत्यात, पन पोतं उघडून कुनी बगत न्हाई. त्या मशीनला गवताचा वास येतोय व्हय?

आसंच बोललो. मानूस म्हातारा झाला की बडबडतंय.

तर ती आली तवा तुमच्याच वयाची व्हती. सांगलीजवळचं माधवनगर, बाप चांदसाहेब मागावर काम करायचा, आई खातूनबी. तिच्या सरांनी म्हनं कोयनानगरचा विषय दिला व्हता, जंगलातला, झाडी, पानी, ऱ्हायला सरकारी कॉलनी — हिनं न्हाई म्हनून सांगितलं. मला माणातलं गवात बगायचं हाय, म्हनली. का, तर ल्हानपनी बापाबरूबर म्हसवडच्या जत्रंला घोंगडी घ्यायला यायची, तवा मेंढरं बगितली व्हती, आन् तिला प्रश्न पडला व्हता की हितं हिरवं कायबी दिसत न्हाई तर ही खात्यात काय. आता बोला. पन प्रश्न खराच हाय की. मी तिला पयल्या वर्सी समदं शिवार फिरवलं, एकेक गवात दावलं — ही कुसळी, हा पवन्या, हा मारवेल, हे मेंढरू खातंय, हे तोंडबी लावत न्हाई. आन् पार त्या टेकाडाच्या मागं, माथ्यावर ती पांढरी पिंडीवानी धोंडं दिसत्यात ना, त्येंच्या पल्याड बिरोबाचा माळ हाय, तितं न्हेलं. तितं कुनी मेंढरू घालत न्हाई, इळा लावत न्हाई. आजा-पंजापास्नं. दुष्काळ पडू दे, कायबी हू दे, देवाच्या माळाची काडी मोडायची न्हाई. म्हनून तितं गवात कंबरंएवढं. आन् रोशा तितंच उगवतंय बगा, आक्ख्या शिवारात दुसरीकडं न्हाई — चिमटीत घिऊन चोळलं की वास येतोय, अत्तरावानी, दोन दिस बोटांस्नी ऱ्हातोय. तिला चोळून दिलं. किती खूस झाली. वहीत लिवून घेतलं, आन् ओढनीच्या टोकाला एक काडी बांधून माधवनगरला घिऊन गेली, अब्बांना दावते म्हनली.

मग प्लॉट पाडलं, सा. तीन उघडं, तीन तारंच्या कुंपनातलं — तुमी नकाशा बगितलाय म्हना. उघड्यात मेंढरं चरनार, कुंपनात एक खूर पडायचा न्हाई, आन् दसऱ्याच्या आसपास ती लोखंडी चौकट टाकायची, चौकटीतलं गवात कापायचं, पोत्यात भरायचं, वाळवायचं, तोलायचं. तीन वर्सं सलग. मधलं एक साल चुकलं की माळंतला मनी गळाला, माळ तुटली, पुन्यांदा पयल्यापास्नं. तीन कुंपनं, तीन कुलपं, पन चावी एकच. ती मला दिली. तात्या, म्हनली, कुंपनाची राखन तुमच्याकडं. मी चावी करगुट्याला बांधली. राखनदार झालो. गावात लय मिजास केली बगा मी त्या चावीची.

आन् तिसऱ्या सालाला पाऊस आलाच न्हाई. — हां, त्येच साल. आलो न्हवं का त्येच्यावर, सांगतोय की. मिरीगाला चार थेंब, मग आभाळ कोरडं. श्रावनात माळ असा दिसाया लागला, ह्या तळहातावानी. आमच्यातली समदी मेंढरं घिऊन किष्णाकाठाला ग्येली, उसाच्या पट्ट्यात. माझा धाकला भाऊ धुळा, त्यो बी गेला, मला म्हनला चल दादा, हितं काय ऱ्हायलंय. मी न्हाई गेलो. कसा जानार? चावी करगुट्याला. बाईचं तिसरं साल. ऱ्हायलो. चाळीस मेंढरं, त्यातल्या अकरा व्यालेल्या, आन् आमी दोघं. अंजना म्हनली, तुमचं डोस्कं फिरलंय.

त्या साली काय झालं, तर तार कुजली व्हती. खालच्या अंगाची तार, पान्याबिन्यानं — आं? पाऊस न्हवता, व्हय. बरूबर हाय. तार पाऊस नसता कशानं कुजंल. तुमी लई बारीक ऐकताय बरं का, शोभता मॅडमच्या इद्यार्थिनी. तार न्हवती कुजली. अंजनानं दार उघडलं. कोकरं वरडत व्हती दोन दिस, मेंढ्यांस्नी पान्हा न्हाई, बाईमानसाला त्ये ऐकवत न्हाई. मी नसताना तिनं दार उघडलं आन् —

न्हाई. त्ये बी खोटं हाय. ती आत भाकरी थापतीया आन् मी हितं बसून तिच्यावर ढकलतोय. चावी तर माझ्या कमरंला व्हती. मीच उघडलं. दिसाढवळ्या, गणपतीत, हिकडं चिटपाखरू न्हवतं. आदी एकच प्लॉट, आन् अकराच मेंढ्या, म्हनलं थोडं थोडं खातील आन् हाकलीन. भुकेलं मेंढरू थोडं खातंय व्हय? दुसऱ्या दिशी दुसरा, तिसऱ्या दिशी तिसरा. मुळापतूर चाटून पुसून. लोक म्हनत्यात कुंपनच शेत खातंय, तसं — मी कुंपन, आन् मीच खाल्लं. कोकरं जगली, अकराच्या अकरा. मला त्येचं वाईट वाटत न्हाई, खरं सांगतो. वाईट कशाचं वाटतंय, तर देवाचा माळ तितं समूर उभा व्हता, गवातानं भरलेला, आन् त्येला हात लावायचं माझ्या मनातबी आलं न्हाई. देवाचं खायचं न्हाई, पाप लागंल. आन् बाईचं खाल्लं. बिरोबाला भ्यालो, पोरीला न्हाई भ्यालो.

म्हनलं, ती आली की पाया पडून सांगीन. आन् पंधरा दिसांनी तिचा फोन आला. चांदसाहेबांस्नी लकवा झाला व्हता, मिरजेच्या दवाखान्यात. तात्या, ह्या कापनीला मला येता येत न्हाई, तुमीच कापा, तुमी माझ्याइतकंच चांगलं कापता. आन् मग म्हनली — हे साल चुकलं तर मुदत सरती माझी, शिष्यवृत्ती सरती, मग मला पुन्यांदा हुबं ऱ्हाता यायचं न्हाई. रडत न्हवती. रडली आसती तर कदाचित सांगितलं आसतं मी. लई शांत बोलत व्हती, मागं दवाखान्यातलं कायबाय आवाज येत व्हतं. मी म्हनलं, काळजी करू नगा ताई, कापतो. त्येवढंच म्हनलं.

उघड्या प्लॉटातली तीन पोती खरी भरली. भरली म्हंजी काय, तळाला मूठभर काड्या. आन् कुंपनातल्या तीन पोत्यांसाठी — आता तुमाला ठावं झालंच आसंल. इळा घेतला आन् टेकाडामागं गेलो. पायतान काढलं. चौकट टाकली, तीच लोखंडी, आन् तिच्यातलंच कापलं, एक काडी जास्त न्हाई. हसू नगा. मला वाटलं चौकटीतनंच कापलं म्हंजी थोडं तरी खरं राहील. आमच्या सात पिढ्यांत देवाच्या माळाला इळा लावनारा मी पयला. पोत्यांवर कुंपनातल्या प्लॉटांचं नंबर लिवलं — दोन, चार, सा. आकडं मला येत्यात.

झालं. तिच्या पुस्तकात त्येच आलं, भर दुष्काळात कुंपनातलं गवात उघड्याच्या सातपट. लय गाजलं म्हनं. पेपर छापून आलं, यादीतल्या मासिकात. आन् व्हायवाला तिनं मला बोलवलं, गाडी धाडली, मी फेटा बांधून पयल्या रांगेत. चांदसाहेब चाकाच्या खुर्चीत, शेजारी खातूनबी. त्यो बाहेरच्या राज्यातला परीक्षक, त्येनं त्येच इचारलं — बाकीच्या दोन सालांशी ह्या सालाचा आकडा जुळत न्हाई, इतकं गवात आलं कसं? हिंदीत इचारलं, मला कळलं. तिनं माझ्याकडं बगितलं, लई येळ, आन् म्हनली, ती कापणी आमच्या सिद्धूतात्यांनी केलीया, त्यांच्यावर माझा माझ्या अब्बांएवढा इस्वास हाय. समद्यांनी टाळ्या वाजवल्या. मग त्या मोठ्या सरांनी सभेला इचारलं, कुनाला काय बोलायचंय का. मी उठलो. खरंच उठलो. उठलो तवा सांगायलाच उठलो व्हतो. समदी माझ्याकडं बगत व्हती, चांदसाहेब एका बाजूच्या तोंडानं हसत व्हता. मी म्हनलं, पोरीनं लय कष्ट केलं. आन् बसलो. पुन्यांदा टाळ्या.

बाहेर आल्यावर तिनं त्ये पुस्तक माझ्या हातात दिलं. देवळीत ठिवलंय, फडक्यात बांधून. माझं नाव हाय त्यात, नातीनं, राणीनं, एकदा वाचून दावलं, मग मी म्हनलं पुरे, परत उघडायचं न्हाई.

आन् तितं सपलं आसतं तर गिळलं आसतं मी, झाकली मूठ ऱ्हायली आसती. पन दोन वर्सांनी गावसभेत त्योच आकडा आला. सातपट. कागद वाचून दावला, आन् ठराव झाला, समदा माळ बंद, पाच वर्सं चराई न्हाई. ज्यांची शेतं खालती पान्याला हायत त्यांनी हात वर केलं. धुळा उठला, म्हनला, हे खरं न्हाई, मी जल्मभर माळ बगतोय, दुष्काळात कुंपनात बी एवढं येत नसतंय. लोक हसलं. एकजन म्हनला, आरं, तुझ्याच भावानं कापलंय. धुळा माझ्याकडं बगाया लागला. आन् मी खाली बगितलं. धुळानं मेंढरं इकली. आता मुंबईला हाय, एका इमारतीच्या दारात खुर्ची टाकून बसतो. दिवाळीला येतो, माझ्याशी चांगला बोलतो, त्येच सोसत न्हाई बगा. शिव्या दिल्या आसत्या तर बरं झालं आसतं.

आन् ह्यात सगळ्यात वाईट काय सांगू? त्यो आकडा खोटाच हाय आसंबी न्हाई. मी मेंढरं घातली नसती तर किती आलं आसतं — कुनाला ठावं? कदाचित निम्मं, कदाचित तेवढंच. खोटं आसतं तर खोटं म्हनून फेकलं आसतं. आता त्ये कळायचंच न्हाई. मी गवात न्हाई खाल्लं ताई, मी त्या सालाचं उत्तर खाल्लं.

म्हनून मी तुमास्नी येवढंच सांगनार व्हतो, बाकी कायबी सांगनार न्हवतो — तुमच्या पुस्तकात त्ये साल घिऊ नगा. तेवढं सोडा. काय बी कारन लिवा. तुमी म्हनता तुमचं समदं त्या तीन सालांवरच उभं हाय, पुढं मोजायचं, मागच्याशी ताडायचं. कळतंय मला. पन तुमचं तरी कोरं ऱ्हाऊ द्या, पोरी. एका खोट्याचं दोन नगा करू. आन् मॅडमच्या कानावर घालू नगा, तुमास्नी हात जोडतो. त्या पोरीचा ह्यात काडीचा दोष न्हाई. तिला काय ठावं? ती आपली मिरजंस्नं आली आठ दिसांनी, डोळं खोल गेल्यालं, हितंच बसली, ह्याच लिंबाखाली, तुमी बसलाय तितं. पोती मीच आनून ठिवली समूर. तिनं स्वताच्या हातानं दोन नंबरचं पोतं सोडलं, आत हात घातला, मूठभर गवात काढलं, चोळलं — ती आसं चोळायचीच, वाळलंय का बगायला — आन् हात नाकाला —

हात नाकाला लावला.

येवढा येळ लावला. मग माझ्याकडं बगितलं. आन् म्हनली, चांगलं वाळलंय तात्या. आन् ओढनीला हात पुसलं. लई येळ पुसत व्हती. मग काटा काढला, तोललं, वहीत लिवलं.

त्या पोत्यात रोशा व्हतं. निवडून काढायचं माझ्या ध्यानातच आलं न्हाई. मला त्या वासाची सवय.

…

प्रांजलताई. तुमी आल्या आल्या त्या सालाचं इचारलंत. बाकीचं काय न्हाई, त्येच. त्ये तुमच्या मनानं इचारलंत, का कुनी सांगितलं व्हतं?

…

मॅडमनी.

काय म्हनल्या? — तात्यांस्नीच इचार, त्ये सांगतील. येवढंच? — वही मिटा. न्हाई, लिवलेलं ऱ्हाऊ द्या, मिटा फकस्त. थांबा, गाठ लई जुनी झालीया, सुटत न्हाई. अंजना, इळा आन गं हिकडं… हं. ही घ्या चावी. तिन्ही कुलपांस्नी हीच लागती, जरा वर उचलून फिरवायची. न्हाई, मी येत न्हाई संगं. वाट समूरच हाय. जावा तुमी.